हिरोशिमा दिन इंदूरमध्ये करायचा तर: अण्वस्त्रविरोधी कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

अण्वस्त्रं नकोत असं वाटणारी माणसं इंदूरमध्ये पुष्कळ भेटतात. अडतं ते पुढे. करायचं काय, कुणाला भेटायचं, कागद कुठला न्यायचा? पहिल्या वर्षी बहुतेक गट एक तर थेट पंतप्रधानांना पत्र लिहितात, नाहीतर रीगलवर गांधीपुतळ्याजवळ मेणबत्त्या लावून घरी जातात. दोन्हींत वाईट काही नाही, पण दुसऱ्या दिवशी हातात काहीच उरत नाही. ज्याला प्रत्यक्ष भेटता येईल अशा माणसाकडे, त्याला मान्य करता येईल अशी एकच मागणी न्यायची, या पद्धतीनं काम हळू चालतं, पण कागद पुढे सरकतो. खालच्या पायऱ्या 6 ऑगस्टचा कार्यक्रम धरून लिहिल्या आहेत. तयारी एप्रिलमध्ये सुरू करा. जूनअखेर शाळा-कॉलेजं उघडतात, जुलैत पाऊस असतो, आणि ऑगस्टचा पहिला आठवडा आला की शाळा, पोलीस आणि नगर निगम सगळेच 15 ऑगस्टच्या तयारीत अडकलेले असतात.

1. आधी आपलं दार ठरवा

ही चळवळ म्हणजे एकच एक संघटना नव्हे. तुम्ही कोण आहात त्यावर कुठल्या दारानं आत जायचं ते ठरतं.

डॉक्टर, नर्स किंवा मेडिकलचे विद्यार्थी असाल तर अणुयुद्ध रोखण्यासाठी 1980 मध्ये निघालेली डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीपीएनडब्ल्यू तुमची. तिला 1985 चं शांततेचं नोबेल मिळालं. तिची भारतातली शाखा म्हणजे इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट. संस्था, मंडळ किंवा महिला गट असाल तर आयकॅन, म्हणजे अण्वस्त्रबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम. 2007 मध्ये मेलबर्नहून सुरू झाली, कचेरी जिनिव्हात, 2017 चं नोबेल. भारतातल्या गटांचं जाळं हवं असेल तर 2000 साली दिल्लीच्या अधिवेशनातून उभी राहिलेली सीएनडीपी, म्हणजे कोएलिशन फॉर न्यूक्लिअर डिसार्ममेंट अँड पीस. आणि शहर म्हणून काही करायचं असेल तर मेयर्स फॉर पीस. हिरोशिमाच्या महापौरांनी 1982 मध्ये हे काम सुरू केलं, आज त्यात 8,000 हून अधिक शहरं आहेत.

या सगळ्यांच्या मागे उभे आहेत ते हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेली माणसं. त्यांची संघटना निहोन हिदानक्यो 1956 ची. नोबेल मिळायला 2024 उजाडलं.

इंदूरकरांना हा विषय अगदीच परका नाही. 1960 मध्ये विनोबांचा इथे मोठा मुक्काम झाला, विसर्जन आश्रम त्याच वर्षीचा. पुढे 1962 मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण विनोबांचा सल्ला मानून, खिशात एक पैसा न ठेवता, दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनच्या दिशेनं चालत निघाले. मागणी हीच होती. सर्वोदयाच्या कामातली वयस्क मंडळी गाठा. माणसं जोडून देण्याच्या कामी त्यांच्याइतकी मदत दुसऱ्या कुणाची होत नाही.

2. मागणी एका वाक्यात लिहा

‘जगातून अण्वस्त्रं नष्ट करा’ ही मागणी पार्षदाच्या टेबलावर ठेवली तर तो हसून चहा पाजेल. मागणी अशी हवी की समोरच्याला आपल्या सहीनिशी ती पुरी करता येईल. चालतील अशा तीन:

महापौरांसाठी: इंदूर शहरानं मेयर्स फॉर पीसचं सदस्य व्हावं.

खासदारांसाठी: 2017 च्या अण्वस्त्रबंदी कराराच्या सदस्य देशांच्या बैठकीला भारतानं निदान निरीक्षक म्हणून जावं, असा प्रश्न सभागृहात विचारावा.

शाळेसाठी: 6 ते 9 ऑगस्टदरम्यान एक तास या विषयाला द्यावा.

यातली पहिल्या वर्षी एकच घ्या. तिन्ही एका पत्रात घातल्या तर तिन्ही बाजूला पडतात.

3. आकडे आणि फोटो आधी तपासा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. पोस्टरवरचा एक आकडा चुकला की श्रोत्यांतला कुणीतरी हात वर करतो आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. इंदूरमध्ये तर ‘कॅट’ आहे, राजा रामण्णा केंद्र ही सरकारी संशोधन संस्था. तिथली मंडळी राजेंद्रनगरच्या आसपास राहतात आणि मराठी कार्यक्रमांना येतात. भौतिकशास्त्र त्यांना तुमच्याहून जास्त कळतं.

पोस्टरवर हे बिनधास्त लिहा:

हिरोशिमा: 6 ऑगस्ट 1945, सकाळी 8.15. युरेनियमचा बॉम्ब, ताकद सुमारे 15 किलोटन, जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर स्फोट. 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 मृत्यू.

नागासाकी: 9 ऑगस्ट, सकाळी 11.02. प्लुटोनियमचा बॉम्ब, सुमारे 21 किलोटन. त्याच वर्षअखेर सुमारे 74,000 मृत्यू.

‘वर्षअखेरपर्यंत’ हे शब्द गाळू नका. ‘एका क्षणात दीड लाख मेले’ असं लिहिणं चूक आहे. भाजल्यामुळे आणि किरणोत्सर्गामुळे माणसं पुढे कित्येक महिने मरत राहिली.

आज जगात किती अण्वस्त्रं आहेत? स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा जानेवारी 2025 चा अंदाज 12,241 चा आहे. त्यातली सुमारे 90 टक्के रशिया आणि अमेरिकेकडे. भारताकडे सुमारे 180, पाकिस्तानकडे सुमारे 170. हे आकडे दर जूनमध्ये बदलतात, तेव्हा पोस्टरवर आकड्याशेजारी वर्ष टाका.

वेळेचा गोंधळ नेहमीचा. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास चालतं. म्हणजे हिरोशिमाचे 8.15 तेव्हा आपले पहाटेचे 4.45, आणि नागासाकीचे 11.02 तेव्हा आपले सकाळचे 7.32. इथे 8.15 ला मौन पाळायला हरकत नाही, जगभर अनेक ठिकाणी स्थानिक वेळच धरतात. पण सूत्रसंचालकानं ‘बरोबर याच क्षणी’ असं म्हणू नये.

फोटोंची चूक त्याहून जास्त होते. समुद्रात पाण्याचा प्रचंड खांब आणि भोवती ठिपक्यांसारखी जहाजं, हा फोटो हिरोशिमाचा म्हणून सर्रास छापला जातो. तो 25 जुलै 1946 च्या बिकिनी बेटावरच्या ‘बेकर’ चाचणीचा. उंच, रेखीव, अळंबीसारखा ढग असलेला जो फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो बहुतेक वेळा नागासाकीचा असतो. नेटवरून उचललेला फोटो कधी काढला, कुठे काढला, कुणी काढला, या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय छापायला देऊ नका. अमेरिकी सरकारी छायाचित्रकारांचे फोटो वापरायला मोकळे असतात. जपानी वृत्तपत्रांच्या फोटोंचे हक्क राखलेले असतात. सोपा मार्ग म्हणजे हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयाकडचा प्रदर्शनासाठी तयार केलेला पोस्टरसंच मागवून घेणं. त्यात मजकूर आणि फोटो दोन्ही तपासलेले मिळतात. तुम्हाला फक्त खाली मराठी-हिंदी पट्टी लावायची.

इंदूरच्या नकाशावर वर्तुळं काढायची कल्पना प्रत्येक गटाला सुचते आणि ती परिणामकारकही आहे. राजवाडा मध्यबिंदू धरून 2 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर सराफा, रामबाग, रेल्वे स्टेशन, रीगल सगळं आत येतं. हिरोशिमात साधारण एवढाच भाग जळून भुईसपाट झाला होता. तिथल्या डॉक्टरांपैकी बहुतेक मेले किंवा जखमी झाले, आणि आपलं एम. वाय. हॉस्पिटलही या वर्तुळाच्या काठालाच आहे. ही गोष्ट सांगितली की लोक नकाशासमोर थांबतात. एक पथ्य मात्र पाळा. नकाशावर महूची छावणी किंवा कुठलंही लष्करी ठिकाण दाखवू नका. त्यानं मुद्दा वाढत नाही आणि चौकशी मात्र मागे लागते.

‘कॅट’बद्दलही एक अफवा दर वर्षी उठते, की तिथे बॉम्ब बनतात. ते केंद्र लेसर आणि कणत्वरकांवर संशोधन करतं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे ते राजा रामण्णा 1974 च्या पोखरण चाचणीमागचे प्रमुख शास्त्रज्ञ होते, एवढं खरं. बाकी काही जोडू नका.

4. जागा आणि परवानग्या

बंद सभागृह हे पहिल्या वर्षासाठी उत्तम. प्रीतमलाल दुआ सभागृह प्रदर्शनाला सोयीचं, जाल सभागृह व्याख्यानाला. मराठी मंडळींपुरता छोटा कार्यक्रम असेल तर महाराष्ट्र साहित्य सभेत किंवा आपल्या वसाहतीच्या महाराष्ट्र समाजात विचारा. जागा मे महिन्यातच बोलून ठेवा.

रस्त्यावर फेरी काढायची असेल तर परवानगी लागेल. इंदूरमध्ये डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जुन्या ओळखीवर एसडीएमकडे गेलात तर परत पाठवतील. आधी आपल्या भागाच्या ठाण्यात जा, अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते तिथेच विचारा. शिवाय शहरात कलम 163 चे आदेश लागू आहेत का, तेही विचारून घ्या. पूर्वीच्या 144 च्या जागी आता हे आहे. आदेश असेल तर बिनपरवानगी चार पावलंही चालू नका.

सोबत हे कागद ठेवा:

अर्ज हिंदीत, दोन प्रती (एकीवर आवक शिक्का मारून परत घ्यायचा)
दोन आयोजकांचे आधार कार्ड आणि फोन नंबर
सभागृहाच्या बुकिंगची पावती
कार्यक्रमपत्रिका, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ
येणाऱ्यांची अंदाजे संख्या
फेरी असल्यास मार्गाचा हातानं काढलेला नकाशा आणि स्वयंसेवकांची यादी
लाउडस्पीकर लावणार असाल तर त्याचा वेगळा अर्ज

अर्ज मराठीत दिला तर कुणी नाही म्हणणार नाही, ठेवून घेतील, आणि तो तिथेच राहील. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टाच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, म्हणून फेरीचा मार्ग ठरवताना एम. वाय.च्या बाजूनं जाणं टाळा.

5. प्रदर्शन मांडताना

पोस्टर 12 गुणिले 18 इंचांच्या डिजिटल प्रिंटवर पुरतात. फ्लेक्स फक्त बाहेरच्या बॅनरसाठी. पंचवीसहून जास्त पोस्टर लावू नका, शेवटची कुणी वाचत नाही. ऑगस्टची हवा दमट असते, साधा कागद दुपारपर्यंत वाकतो. जाड कार्डशीटवर प्रिंट घ्या नाहीतर मागे फोम बोर्ड लावा.

भाजलेल्या माणसांचे फोटो आडोशाच्या मागे, वेगळ्या भागात ठेवा आणि बाहेर तशी पाटी लावा. शाळेची मुलं येणार असतील तर शिक्षकांना आधी एकदा दाखवून घ्या. सहावीतल्या मुलाला रात्री झोप लागली नाही तर पुढच्या वर्षी त्या शाळेचं दार बंद झालं म्हणून समजा, आणि ते योग्यच आहे.

6. हजार क्रौंच

सादाको सासाकी हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे तिला ल्युकेमिया झाला आणि 1955 च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. हॉस्पिटलमध्ये ती कागदाचे क्रौंच करत असे. तिच्या नावामुळे जगभर हिरोशिमा दिनाला हजार क्रौंचांच्या माळा करतात. मुलांना कामात घ्यायला याहून सोपं साधन नाही, पण हिशेब आधी करा.

हजार क्रौंच म्हणजे 40 क्रौंचांच्या 25 माळा. पंचवीस माणसं जमवा आणि एकेकाला एक माळ द्या. हात बसला की एका क्रौंचाला चार मिनिटं लागतात, म्हणजे माणशी पावणेतीन तास. पहिले दोन-तीन क्रौंच मात्र पंधरा मिनिटं घेतात, ते धरून दोन बैठका ठेवा.

कागद घोटीव घ्या, साडेसात सेंटिमीटरचा चौकोन. कार्डशीट चालत नाही, चोचीपाशी थर साठून कागद फाटतो. पाकिटातला कागद नेमका चौरस आहे का ते कर्णावर घडी घालून पाहा. टोक दोन मिलिमीटर जरी बाहेर आलं तरी ती चूक शेवटी चोचीत येऊन बसते.

नवखे दोन जागी अडतात. एक, चौकोनी घडी झाल्यावर कागद उलटा धरतात. उघडं टोक स्वतःकडे असायला हवं. दोन, दोन्ही कडा मधल्या रेषेला घट्ट भिडवतात. तिथे दोराइतकी फट सोडा. मान वर वळवताना जाडीला जागा लागते, फट नसली तर कागद फुगतो आणि मान वाकडी होते.

माळेत ओवायच्या क्रौंचांचे पंख उघडू नका, मिटलेलेच ठेवा. पोटाखालच्या भोकातून सुई घालून पाठीतून वर काढा. खाली मणी किंवा बटण बांधा, नाहीतर सगळी माळ घसरून हातात येईल. साधा शिवणाचा दोरा तुटतो, गोधडीचा घ्या.

या माळा हिरोशिमाला पाठवता येतात. तिथल्या मुलांच्या शांतता स्मारकापाशी जगभरातून दर वर्षी सुमारे 1 कोटी क्रौंच येतात. साडेसात सेंटिमीटरच्या हजार क्रौंचांचं वजन साधारण 400 ग्रॅम भरतं, 15 सेंटिमीटरच्या कागदाचे केले तर चौपट. टपालखर्च बघूनच कागद निवडा. पोस्टात कस्टमचा फॉर्म भरताना ‘कागदी घडीकाम, विक्रीसाठी नाही’ असं इंग्रजीत लिहा.

7. सभेत येणारे प्रश्न

‘आपण सोडली आणि पाकिस्ताननं नाही सोडली तर?’ हा प्रश्न येणारच. विचारणाऱ्याला देशभक्तीचे धडे देऊ नका, घेऊही नका. सांगा की 7 जुलै 2017 ला 122 देशांनी मंजूर केलेला आणि 22 जानेवारी 2021 पासून लागू झालेला अण्वस्त्रबंदी करार अण्वस्त्रधारी देशांनाही आत येण्याची वाट ठेवतो. आधी शस्त्रं तैनातीतून काढायची, मग ठरलेल्या मुदतीत, तपासणीखाली नष्ट करायची. आणि आपली आजची मागणी त्याच्याही अलीकडची आहे: निरीक्षक म्हणून जा.

‘हे भारताच्या धोरणाविरुद्ध नाही का?’ भारतानं या करारावर सही केलेली नाही, वाटाघाटींनाही गेला नाही, हे लपवू नका. पण दुसरी बाजूही मांडा. चाचण्या थांबवा असं नेहरूंनी 1954 मध्ये लोकसभेत म्हटलं. अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी घालणाऱ्या कराराचा ठराव भारत 1982 पासून संयुक्त राष्ट्रांत मांडत आला आहे. राजीव गांधींनी 1988 मध्ये तिथेच टप्प्याटप्प्यानं अण्वस्त्रं संपवण्याचा आराखडा ठेवला. भारताचं ‘आधी वापर नाही’ हे धोरणही आहे, मात्र जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्रं वापरण्याची मुभा 2003 च्या आराखड्यात राखून ठेवली आहे, तेही सांगा. शेजारी बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव बंदी करारात आहेत.

‘बनवलेले बॉम्ब कुणी सोडलेत का?’ दक्षिण आफ्रिकेनं. सहा तयार होते, ते मोडले आणि 1993 मध्ये जाहीर केलं.

‘मग वीजही बंद करणार का?’ अणुवीज हा वेगळा वाद आहे. गटात दोन्ही मतांची माणसं असू शकतात. सभा बॉम्बवर आहे एवढं सांगून पुढे जा.

8. सह्या आणि पैसे

सरकारी नोकरांवर सहीसाठी दबाव आणू नका. ‘कॅट’ असो, शाळा असो की कलेक्टर कचेरी, सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला त्यांना सेवाशर्तींची आडकाठी असते. ते प्रदर्शनाला आले, मुलांना घेऊन आले, तेवढं पुरे.

परदेशातून एक रुपयाही घेऊ नका. एखादी परदेशी संस्था मोठ्या मनानं छपाईचा खर्च देऊ करते, आणि नवा गट आनंदानं कुणाच्यातरी खासगी खात्यात घेतो. एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर हा गुन्हा आहे. नातेवाइकाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यानं दिलेली देणगीही यातच येते. वर्गणी गावातच काढा, पावतीपुस्तक ठेवा, आणि खर्च दाराशी लावा. मराठी माणूस हिशेब वाचतो.

9. महापौरांकडे

कार्यक्रमात महापौरांना बोलावून मंचावर अचानक फॉर्म पुढे करणारे गट असतात. ते नाराज होतात आणि फॉर्म स्वीय सहायकाच्या फायलीत जातो. जूनमध्येच वेळ मागा. आधी आपल्या वॉर्डाचे पार्षद भेटा, शक्यतो ते सोबत असावेत.

नेण्याचे कागद: एका पानाचं हिंदी ज्ञापन, मेयर्स फॉर पीसचा सदस्यत्वाचा फॉर्म महापौरांचं नाव-पद आधीच भरून, त्याचं हिंदी भाषांतर, आणि भारतातल्या सदस्य शहरांची संघटनेच्या ताज्या यादीतून काढलेली नावं. यादीनं काम जितकं होतं तितकं भाषणानं होत नाही. दुसरं कुठलं शहर आहे हे इंदूरच्या माणसाला लगेच टोचतं.

‘हा निगमाचा विषय नाही’ असं उत्तर येईल. त्यावर म्हणायचं की बॉम्ब शहरांवर पडतात, आणि ही संघटना हिरोशिमाच्या महापौरांनी काढली ती त्याच कारणानं. सदस्य होताना केंद्राच्या धोरणाविरुद्ध काही जाहीर करावं लागत नाही. 2,000 येन वार्षिक वर्गणी आहे, ती कशी पाठवायची हे लेखा शाखेला आधीच विचारून ठेवा, नाहीतर फाइल त्या एका ओळीवर अडते.

निगम परिषदेचा ठराव करून घ्यायचा मोह होईल. ठराव जास्त टिकतो खरा, पण विषयपत्रिकेवर यायलाच महिने जातात आणि वाद पक्षांचा होतो. पहिल्या वर्षी सहीवर भागवा.

आवक क्रमांक लिहून घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. काहीच हललं नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, आणि ते सध्या कुठल्या शाखेत आहे. त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेवढ्यात 26 सप्टेंबर येतो, संयुक्त राष्ट्रांचा अण्वस्त्रनिर्मूलन दिन. सही झाली असेल तर जाहीर करायला ती तारीख घ्या, झाली नसेल तर दुसऱ्या भेटीची वेळ त्याच आठवड्यातली मागा.